जुन्या कॅम्पर व्हॅनसाठी स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट निवडताना

जुन्या कॅम्पर व्हॅनचा सायलेन्सर बहुधा बाहेरून नव्हे, तर आतून कुजतो. पेट्रोल जळताना त्यातील हायड्रोजनपासून पाणी तयार होते आणि ते थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमधून, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या व सायलेन्सरमधून, बाहेर पडते. गाडी लांबच्या प्रवासात असेल आणि नळी शेवटच्या टोकापर्यंत तापलेली असेल, तर ही वाफ मुकाट्याने निघून जाते. परंतु थंड इंजिन सुरू करून, दहा मिनिटे चालू ठेवून पुन्हा बंद केले, तर त्याच वाफेचे सायलेन्सरच्या गार पोटात पाणी होते, इंधनातील गंधकाची आणि ज्वलनात तयार झालेली नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मिसळतात आणि सौम्य आम्लाचे डबके पत्र्यावर महिनोन्‌महिने साचून राहते. कॅम्पर व्हॅनचे वर्ष नेमके असेच जाते: काही आठवडे भरपूर भटकंती, मग कित्येक महिने एका जागी उभे राहणे, आणि अधूनमधून बॅटरी उतरू नये म्हणून मालकाने मोठ्या प्रेमाने थोडा वेळ सुरू केलेले इंजिन.

साध्या लोखंडी पत्र्याचा सायलेन्सर अशा वापरात फार काळ टिकत नाही. म्हणूनच स्टेनलेसचा विचार करावा लागतो. चकाकी आणि वाढीव ताकदीचे दावे या कारणापुढे गौण आहेत. जड, चौकोनी आणि वाऱ्याला अडणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट बदलून जी काही ताकद मिळते, ती पाण्याची टाकी अर्धी रिकामी ठेवूनही मिळते. घेणाऱ्याने पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: एक्झॉस्ट आपल्याच गाडीला बसतो का, त्याचा प्रत्येक भाग कोणत्या धातूचा आहे, तो तासन्‌तास कानाला सहन होईल का, आणि त्यातून वायू गळून झोपण्याच्या जागेत शिरणार नाही ना.

आधी गाडी ओळखावी, मग एक्झॉस्ट

बहुतेक चुका धातू निवडताना नव्हे, तर त्याच्याही आधी होतात. कॅम्पर व्हॅन ही एका कारखान्यात व्हॅन म्हणून तयार झालेली आणि दुसऱ्या ठिकाणी घर झालेली गाडी असते. एक्झॉस्ट बनवणाऱ्याच्या यादीत पहिल्या कारखान्याची गाडी असते. दुसऱ्या ठिकाणी खाली काय काय टांगले गेले, याची त्या यादीला कल्पना नसते. सांडपाण्याची टाकी, गॅसच्या नळ्या, हीटरची धूर बाहेर सोडणारी नळी, पायरी, वाढवलेली चासी, मागे लांबवलेला सांगाडा, यांपैकी काहीही मूळ एक्झॉस्टच्या वाटेत आलेले असू शकते आणि त्या वेळी कोणीतरी नळी कापून, वळवून वेळ मारून नेलेली असू शकते. मी स्वतः एकदा केवळ मॉडेल आणि वर्ष सांगून मागील अर्धा भाग मागवला होता. भाग यादीप्रमाणे अगदी बरोबर होता, पण त्याची नळी सांडपाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीपासून बोटभर अंतरावरून जात होती. चूक अर्थातच माझी होती, कारण मी गाडीखाली न जाता कागद पाहून मागणी नोंदवली होती.

त्यामुळे पहिले काम म्हणजे गाडी भक्कम स्टँडवर घेऊन (केवळ जॅकवर नव्हे) खाली जाणे आणि इंजिनपासून शेवटच्या टोकापर्यंत सर्व काही टिपून घेणे. चाकांमधील अंतर, प्रत्येक सांध्याचा प्रकार, फ्लँजला (दोन नळ्या बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडीला) दोन बोल्ट आहेत की तीन, त्या भोकांच्या मध्यांमधील अंतर, नळी टांगणाऱ्या रबर हँगरच्या जागा, नळीचा बाहेरील व्यास आणि नळी जिथे जिथे टाकी, गॅसची नळी, ब्रेकची नळी किंवा लाकडी तळ यांच्या जवळून जाते तिथले अंतर नोंदवावे आणि छायाचित्रे काढावीत. व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. जुन्या गाड्यांमध्ये मिलिमीटर आणि इंच या दोन्ही मापांच्या नळ्या आढळतात, आणि ५० मिलिमीटरची नळी व २ इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरची नळी डोळ्यांना सारखीच दिसली, तरी एकीत दुसरी घट्ट बसवताना हा पाऊण मिलिमीटर फार त्रास देतो. विक्रेता व्यास सांगतो तेव्हा तो आतला की बाहेरचा, हे विचारून घ्यावे.

इंजिनचा क्रमांक किंवा त्याची सांकेतिक अक्षरेही तपासावीत, कारण चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत मूळ इंजिनच असेल याची खात्री नसते. फोक्सवॅगनच्या टाइप २ गाड्यांचे उदाहरण यासाठी चांगले आहे. १९६७ ते १९७९ या काळातील जर्मन बनावटीच्या पिढीत हवेने थंड होणारी दोन वेगळ्या घराण्यांची इंजिने होती. १९७२ च्या मॉडेलपासून १.६ लिटरच्या जोडीला १.७ लिटरचे मोठे इंजिन आले आणि पुढे ते १.८ व २ लिटरपर्यंत वाढले. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या गाड्यांचे एक्झॉस्ट एकमेकांना बसत नाहीत. १९७९ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीत १९८२ नंतर पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन आले आणि त्याचा एक्झॉस्ट आणखी निराळा, पुष्कळ तुकड्यांचा आणि पुष्कळ फ्लँजचा आहे. केवळ वर्ष सांगून एक्झॉस्ट मागवणे या गाड्यांच्या बाबतीत जुगार खेळण्यासारखे आहे.

इंजिन पुढे आहे की मागे, यावरही रचना ठरते. मागे इंजिन असलेल्या गाडीत सायलेन्सर इंजिनलाच जखडलेला असतो आणि त्याच्याबरोबरच हलतो, त्यामुळे मधे लवचीक जोड लागत नाही. मात्र सगळा भार इंजिनमध्ये बसवलेल्या मोजक्या स्टडवर (डोके नसलेल्या बोल्टवर) आणि एखाद्या कमानीवर येतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत दोन ते चार मीटर लांबीची नळी गाडीच्या तळाला टांगलेली असते, इंजिन आपल्या रबरी पायांवर डोलते आणि तळ स्थिर राहतो. हा फरक सोसायला विणलेल्या जाळीचा लवचीक तुकडा आणि रबर हँगर लागतात. मूळ रचनेत असा तुकडा असेल आणि नव्या एक्झॉस्टमध्ये ‘स्टेनलेस आहे, तुटणार नाही’ असे सांगून तो गाळलेला असेल, तर तो एक्झॉस्ट घेऊ नये.

‘स्टेनलेस’ हे आडनाव आहे

स्टेनलेस स्टील म्हणजे एकच धातू नव्हे. ते आडनाव आहे, आणि त्या घरात निरनिराळ्या स्वभावाची माणसे आहेत. लोखंडात साधारण १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो, ओरखडा पडल्यास तो हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा जुळतो, आणि म्हणून गंज आत शिरत नाही. एवढे साम्य सोडले, तर बाकी फरक बराच आहे.

४०९ या प्रतीत सुमारे ११ टक्के क्रोमियम असते आणि निकेल जवळपास नसतेच. मोटारींचे कारखाने मूळ एक्झॉस्टसाठी हीच किंवा हिच्या जवळची प्रत मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिच्यावर वरवर तपकिरी गंज चढतो आणि ती दिसायला लवकरच साध्या लोखंडासारखी होते. पण हा गंज वरवरचाच असतो आणि पत्र्याला भोक पडायला साध्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो. ४३९ ही तिचीच थोरली बहीण म्हणता येईल, कारण तिच्यात १७ ते १८ टक्के क्रोमियम असते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि किमान ८ टक्के निकेल असते. ती चमक टिकवते, वाकवायला आणि वेल्ड करायला सोयीची असते, आणि सुटे एक्झॉस्ट बनवणारे बहुतेक कारागीर तिचाच वापर करतात. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ज्यामुळे ती मिठाला अधिक चांगली तोंड देते. ३२१ मध्ये टायटॅनियम घातलेले असते आणि ती मॅनिफोल्डसारख्या (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या, इंजिनलगतच्या नळीसारख्या) सतत तापणाऱ्या भागासाठी योग्य ठरते.

यांतील कोणती घ्यावी? माझ्या मते बहुतेक कॅम्पर व्हॅनसाठी सायलेन्सर आणि नळ्या ३०४ प्रतीच्या असाव्यात. गाडी समुद्रकिनारी उभी राहत असेल किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून जात असेल, तर मीठ ३०४ लाही सोडत नाही. तिच्यावर बारीक खड्डे पडतात आणि चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटतात. अशा गाडीच्या मागील, तुलनेने थंड भागासाठी ३१६ चा विचार करण्यात अर्थ आहे. ४०९ ला मात्र लोक उगाच नावे ठेवतात. ती ४०९ म्हणून विकली जात असेल, तर तो सरळ व्यवहार आहे; नुसते ‘उच्च दर्जाचे स्टेनलेस’ म्हणून विकली जात असेल, तर विक्रेत्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही जरा सावधपणे पाहावे. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची ठरलेलीच असेल, तर ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या साध्या स्टीलचा एक्झॉस्ट घेण्यात काही कमीपणा नाही.

प्रत ओळखण्यासाठी लोहचुंबक उपयोगी पडते, पण ते जितके सांगते त्याहून अधिक त्याच्याकडून ऐकू नये. ४०९ आणि ४३९ ला चुंबक चिकटते, ३०४, ३१६ आणि ३२१ ला चिकटत नाही. तथापि ३०४ ची नळी थंड अवस्थेत वाकवली, की वाकलेल्या जागी तिला किंचित चुंबकत्व येते, त्यामुळे बेंडवर चुंबक हलकेच ओढले गेले म्हणून कोणी फसवले असे समजू नये. याउलट, साध्या लोखंडालाही चुंबक चिकटते, त्यामुळे घट्ट चिकटलेले चुंबक ४०९ आणि साधा पत्रा यांतला फरक सांगू शकत नाही. चुंबकाची खरी चाचणी तुकड्यातुकड्याने घ्यावी: नळीवर, सायलेन्सरच्या कवचावर, त्याच्या दोन्ही टोकांच्या झाकणांवर, फ्लँजवर, हँगरच्या सळ्यांवर. ३०४ म्हणून घेतलेल्या एक्झॉस्टच्या नळीवरून चुंबक घसरते आणि फ्लँजवर मात्र खटकन बसते, असे पुष्कळदा दिसून येते. जाड फ्लँज साध्या लोखंडाचा असणे हा मोठा गुन्हा नव्हे, पण ओलाव्यात स्टेनलेसला खेटून असलेले लोखंड अधिक वेगाने गंजते आणि एक्झॉस्ट शेवटी तिथेच सुटतो, हे ठाऊक असलेले बरे. सायलेन्सरच्या आतले पडदे आणि छिद्रांची नळी कोणत्या प्रतीची आहे, हे चुंबकाने कळत नाही. ते लेखी विचारावे. आतून कुजणाऱ्या वस्तूचे कवच स्टेनलेसचे आणि आतडी साध्या लोखंडाची असतील, तर काही वर्षांनी बाहेरून झळाळणाऱ्या डब्यात सुटे तुकडे खडखडू लागतात.

३०४ चा आणखी एक स्वभाव लांब एक्झॉस्टमध्ये महत्त्वाचा ठरतो: ती तापली की साध्या लोखंडापेक्षा जास्त लांबते. दोन मीटरची नळी ४०० अंश सेल्सिअसने तापली, तर साध्या लोखंडाची सुमारे १० मिलिमीटर आणि ३०४ ची सुमारे १४ मिलिमीटर वाढते. हे चार मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत. दोन्ही टोके घट्ट आवळलेली असतील, तर ते वेल्डमध्ये किंवा मॅनिफोल्डच्या स्टडमध्ये जातात आणि तिथे तडा जातो. स्टेनलेसचा एक्झॉस्ट ‘लोखंडापेक्षा लवकर तडकला’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष पुष्कळदा धातूचा नसून त्याला हलायला जागा न देणाऱ्या बसवणीचा असतो.

बांधणी कशी पारखावी

पत्र्याची जाडी विचारावी. नळीसाठी १.५ मिलिमीटर ही समाधानकारक जाडी आहे, १.२ मिलिमीटर चालते, पण आवाज अधिक पातळ आणि पत्र्याचा येतो. इंजिनजवळच्या भागात २ मिलिमीटर असल्यास उत्तम. बेंड पाहावेत. आत आधाराचा गोळा ठेवून वाकवलेल्या नळीचा व्यास वळणावरही तसाच राहतो, तर नुसत्या दाबाने वाकवलेली नळी वळणावर चपटी होते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. एखादे सौम्य वळण चपटे असल्याने काही बिघडत नाही, पण मागील ॲक्सलवरून जाणारी नळी चार ठिकाणी चपटी झाली, तर तो अडथळा गाडीला चढावर जाणवतो.

वेल्ड हा भाग मात्र निवांतपणे पाहावा. टिग पद्धतीचा (टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेला) चांगला वेल्ड एकसारख्या, दाट लहरींचा असतो आणि त्याच्या बाजूची रंगछटा फिकट सोनेरी ते निळसर असते; काळपट, खरखरीत राखाडी वेल्ड जास्त तापवल्याची खूण आहे. शक्य असेल तर नळीच्या तोंडातून आत विजेरी मारावी. स्टेनलेस वेल्ड करताना नळीच्या आत आरगॉन वायू सोडला नाही, तर आतल्या बाजूने सांध्यावर साखरेच्या खड्यांसारखा काळा, सच्छिद्र थर तयार होतो. तो वायूच्या वाटेत येतो आणि गंजाची व तड्यांची सुरुवातही तिथेच होते. ३०४ साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळली, की तिच्यातील कार्बन क्रोमियमला धरून ठेवतो आणि वेल्डच्या कडेची पट्टी गंजाला उघडी पडते. ३०४एल या प्रकारात कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा अधिक नसतो, त्यामुळे हा धोका कमी होतो. ‘नळी ३०४ ची की ३०४एल ची?’ हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस नुसता चमकतो की नीट उत्तर देतो, यावरून त्याच्या कामाचा अंदाज येतो.

हँगरच्या सळ्या नळीला एका टिपक्याने चिकटवलेल्या नसाव्यात. त्यांच्याखाली छोटी पट्टी असावी, म्हणजे ताण पसरतो. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी पाणी झिरपायला दोन-तीन मिलिमीटरचे भोक असेल, तर तो दोष नव्हे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत मी ते भोक असलेला सायलेन्सरच पसंत करीन.

आवाज

या विषयावर खरेदीदार सर्वांत कमी विचार करतात आणि नंतर सर्वांत जास्त पस्तावतात. कॅम्पर व्हॅन म्हणजे मोठ्या सपाट पत्र्यांची, कपाटांची आणि भांड्यांची पोकळ पेटी. ती सतारीच्या भोपळ्यासारखी काम करते. चार सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना सेकंदाला १०० स्फोट होतात, म्हणजे १०० हर्ट्झचा खर्जातला स्वर तयार होतो, आणि जुन्या गाड्या हमरस्त्यावर नेमक्या याच वेगाच्या आसपास तासन्‌तास चालतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन मिनिटे ऐकताना जो आवाज भारदस्त वाटतो, तोच तिसऱ्या तासाला डोके उठवतो.

सायलेन्सरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात छिद्रांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल, बेसॉल्टचे तंतू किंवा स्टेनलेसची लोकर भरलेली असते. यात वायूला अडथळा कमी होतो आणि उंच पट्टीचा आवाज चांगला शोषला जातो, पण खर्ज फारसा थांबत नाही. काळाच्या ओघात हे भरण जळते, ओले होते, उडून जाते आणि आवाज हळूहळू वाढत जातो. दुसऱ्यात पडदे घालून कप्पे केलेले असतात. ध्वनिलहरी त्यांवर आपटून एकमेकींना मारतात. हा सायलेन्सर जड आणि मोठा असतो, थोडा अडथळाही करतो, पण खर्जावर त्याचा चांगला ताबा असतो. कॅम्पर व्हॅनसाठी कप्प्यांचा किंवा दोन्ही तत्त्वे एकत्र केलेला सायलेन्सर घ्यावा. सरळ नळीचा घ्यायचाच असेल, तर त्याचे भरण बदलता येते का हे पाहावे, आणि ‘आयुष्यभराची हमी’ या भरणाला लागू आहे की नाही हेही वाचावे. बहुधा ती नसते, आणि ‘आयुष्यभर’ याचा अर्थही बहुधा पहिला खरेदीदार गाडी बाळगेल तोपर्यंत, एवढाच असतो.

एखाद्या ठरावीक वेगालाच घरघर होत असेल, तर मुख्य नळीला बंद तोंडाची एक फाटा-नळी जोडून ती कमी करता येते. तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव इतकी असावी लागते. वायू ३०० अंशांच्या आसपास तापलेला असताना त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो, म्हणून १०० हर्ट्झसाठी ही फाटा-नळी सुमारे १.२ मीटर लांबीची होते. टाक्या आणि नळ्यांनी भरलेल्या तळाखाली एवढी जागा सापडणे कठीण असते, म्हणून आधीच शांत सायलेन्सर घेणे सोपे.

व्यास आणि ताकद

‘इंजिनला मागचा दाब लागतो’ हे वाक्य वारंवार ऐकू येते आणि ते तसे खरे नाही. दाब इंजिनच्या विरोधातच काम करतो. लागतो तो वायूचा वेग: योग्य व्यासाच्या नळीत वेगाने निघून जाणारा वायू आपल्यामागे सिलिंडर रिकामा करायला मदत करतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली, तर हा वेग कमी होतो आणि त्याचा तोटा कमी फेऱ्यांवर, म्हणजे जड गाडी चढावर ओढताना नेमका जिथे जोर हवा असतो तिथे, जाणवतो. ५०.८ मिलिमीटरऐवजी ६३.५ मिलिमीटरची नळी घेतली, की आतले क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते. मूळ इंजिन असेल तर मूळ व्यासच ठेवावा. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनला मात्र टर्बोनंतरची नळी एक पायरी मोठी असलेली मानवते.

हीटर आणि विषारी वायू

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांमध्ये एक्झॉस्ट हा गाडी तापवणाऱ्या यंत्रणेचाच भाग असतो. एक्झॉस्टच्या नळीभोवती कवच असते, पंख्याची हवा त्या दोहोंमधून जाते, तापते आणि थेट बसण्याच्या जागेत येते. आतली नळी कुजून तिला भोक पडले, तर त्याच हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, आणि या वायूला ना रंग असतो ना वास. म्हणून अशा गाडीत फक्त मागचा सायलेन्सर स्टेनलेसचा करून जुने हीट एक्सचेंजर, म्हणजे कवच असलेल्या याच नळ्या, तसेच ठेवणे हा खोट्या काटकसरीचा मार्ग आहे. त्यांचेही स्टेनलेसचे पर्याय मिळतात, पण निवडताना आतल्या नळीवर पंख आहेत का ते पाहावे. मूळ भागात नळीभोवती ॲल्युमिनियमचे पंख असतात. स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश आहे, त्यामुळे पंख नसलेली गुळगुळीत स्टेनलेसची नळी टिकते खूप, पण काचेवरचे दव घालवण्याइतकीही उष्णता देत नाही.

इंजिन कुठेही असो, शेवटची नळी गाडीच्या बाह्य कडेच्या बाहेर संपली पाहिजे. ती खिडकी, मंडप लावण्याची बाजू, फ्रीजच्या झरोक्याची बाजू किंवा गॅसच्या कप्प्याचे तळातले भोक यांच्या दिशेने नसावी. मागील भाग लांबवलेल्या गाडीत मूळ मापाची नळी तळाखालीच संपते आणि धूर झोपण्याच्या जागेखाली घुटमळतो. अशा वेळी वाढीव तुकडा मागून घ्यावा. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावावे. त्याचे युरोपीय मानक ईएन ५०२९१ असून त्याचा दुसरा भाग मुद्दाम अशा फिरत्या घरांसाठी व बोटींसाठी आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि परवानगी

युरोपात १९९२-९३ मध्ये युरो १ मानके आली तेव्हापासून पेट्रोल मोटारींना, आणि थोडे मागाहून व्हॅनना, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) अपरिहार्य झाला. गाडीला तो मूळचा असेल, तर तो काढून सरळ नळी टाकण्याचा सल्ला ऐकू नये. नव्या एक्झॉस्टमध्ये लॅम्ब्डा सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा) बसवण्याचे तोंड मूळ जागी आहे का आणि त्याचे आटे एम १८ × १.५ या नेहमीच्या मापाचे आहेत का, ते तपासावे. सेन्सर अर्धा मीटर मागे गेला, तर तो उशिरा तापतो आणि हवा-इंधनाचे मिश्रण बिघडते. बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ५९ आहे. त्यानुसार मंजूर झालेल्या सायलेन्सरवर वर्तुळातील ‘ई’ आणि क्रमांक कोरलेला असतो. आपल्या देशात तपासणीच्या वेळी अशी खूण मागतात का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

तयार की बनवून घेतलेला?

गाडी मूळ स्थितीत असेल आणि यादीतील एक्झॉस्ट तिच्यासाठीच बनलेला असेल, तर तयार घ्यावा. तो साच्यावर बनलेला असतो आणि पुढे एखादा तुकडा पुन्हा मिळू शकतो. तळाखाली बरेच बदल झालेले असतील, तर चांगल्या कारागिराकडे गाडी नेऊन बनवून घेणे शहाणपणाचे. मात्र त्याला तीन गोष्टी आधी सांगाव्यात: एक्झॉस्ट किमान तीन सुटण्याजोग्या तुकड्यांत असावा, गिअरबॉक्स किंवा टाकी उतरवताना तो आड येऊ नये, आणि जुन्या लोखंडी भागाला स्टेनलेस जोडायचे असेल तर ३०९एल ही वेल्डिंगची भरण-सळई वापरावी. गॅल्व्हनाइज्ड पट्टी किंवा नळी स्टेनलेसला कधीही वेल्ड करू देऊ नये. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि तापलेल्या स्टेनलेसमध्ये शिरून त्याला तडे पाडते.

बसवताना

खरा झगडा जुना एक्झॉस्ट काढताना होतो. मॅनिफोल्डचे नट काढण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल रोज सोडावे. नट ऐकत नसेल तर पान्याला लांब नळी लावून जोर करण्याऐवजी नट तापवावा, नाहीतर कापावा. नट स्वस्त असतो. सिलिंडर हेडमध्ये तुटलेला स्टड मात्र अख्खा दिवस खातो.

नवे गॅस्केट (सांध्यातून वायू गळू न देणारी चकती), नवे रबर आणि नवे क्लॅम्प एक्झॉस्टबरोबरच मागवावेत. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला, तर आटे एकमेकांत रुतून कायमचे जाम होतात. म्हणून आटे जाम होऊ न देणारी, उष्णता सोसणारी पेस्ट लावावी, आणि मॅनिफोल्डच्या स्टडवर पितळेचे किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट वापरावेत. घासायला साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण स्टेनलेसवर बसून गंजतात आणि दोष स्टेनलेसच्या माथी येतो.

सर्व तुकडे आधी सैल जोडावेत, हँगरवर टांगावेत, नळी फिरवून सर्व बाजूंनी किमान दोन-अडीच सेंटिमीटर अंतर मिळते का ते पाहावे आणि मगच इंजिनच्या बाजूने मागे येत एकेक सांधा आवळावा. मागून पुढे आवळत गेल्यास सगळा तिढा मॅनिफोल्डवर येऊन साचतो. प्लॅस्टिकची टाकी किंवा गॅसची नळी जवळ असेल, तर मधे उष्णता अडवणारा पत्रा लावावा. नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा मोह टाळावा, कारण उभ्या गाडीत ती पट्टी ओलावा धरून बसते. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी सगळी नळी ॲसिटोनने पुसून घ्यावी. नाहीतर बोटांचे ठसे तापून पिवळ्या-तपकिरी छटेत कायमचे उमटतात. माझ्या गाडीच्या नळीवर माझा तळहात अजून स्पष्ट दिसतो.

इंजिन सुरू केल्यावर थोडा धूर येतो, तो कारखान्यातील तेलाचा असतो. गाडी थंड असतानाच शेवटच्या नळीच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबून धरावे, म्हणजे गळका सांधा फुसफुसून आपली जागा सांगतो. कार्ब्युरेटर असेल तर मिश्रण पुन्हा तपासून घ्यावे. एक तासभर गाडी चालवून, पूर्ण थंड होऊ देऊन सर्व सांधे पुन्हा आवळावेत, आणि पहिल्या लांब प्रवासानंतर तेच पुन्हा एकदा करावे. त्या वेळी पाना फिरला नाही, तर गॅस्केट बसले असे समजावे.